‘हे आले की सांगतील’

मुरुड हे महर्षी कर्वे यांचे गाव. १८९३ साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांना बहिष्कृत केले. पुढे याच बाया कर्व्यांनी स्वतःच्या शब्दांत ‘माझे पुराण’ सांगितले.

परवा तिथे उतरलो, त्या घरच्या वहिनींना खोलीचे भाडे विचारले. ‘हे आले की सांगतील.’ हिशेबाची वही मात्र त्यांच्याच हातात!

‘मी बोलतो’, ‘मी बोलते’ हा भेद व्याकरणाचा. त्याने कुणाचे बिघडत नाही. बोचतो तो ‘अहो’ आणि ‘अगं’ यांतला. ग्रामपंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. तरी सरपंचबाईंना विचारलेल्या प्रश्नाला यजमान उत्तर देताना मी पाहिले आहेत.

निघताना पैसे यजमानांनी घेतले. किती घ्यायचे, ते मात्र त्यांनी आत जाऊन विचारले.