एका तासाचा रोजगार

देशातील 15 वर्षांवरील लोकांतली बेकारी 2017-18 साली 6 टक्के होती, ती 2023-24 साली 3.2 टक्क्यांवर आली, असे सरकारी श्रमबल पाहणी सांगते. आकडा खोटा आहे, असे आम्ही म्हणत नाही. तो कसा बनतो, ते पाहा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी विदर्भात ओळखले जाते. जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर ढिवर कोसा पाळतात आणि कोष्टी त्याचे कापड विणतात. समजा, इथल्या एखाद्या विणकराला वर्षातले बरेच महिने सूत मिळाले नाही. सूत महाग, वर व्यापाऱ्याची उधारी. तो काम शोधत फिरला. पण मधूनमधून मिळून तीस दिवस त्याने माग चालवला असेल तर वरच्या आकड्यात तो रोजगारातच धरला जातो. आठवड्याच्या मोजणीत तर सात दिवसांत एक तास काम केले तरी पुरते. एक तास!

त्याची बायको कांड्या भरते, त्याचे तिला कुणी पैसे देत नाही. तिची नोंद घरच्या धंद्यातली मदतनीस अशी झाली तर ती रोजगारात. ‘घरकाम’ अशी झाली तर ती श्रमबलातच नाही. बेकार मात्र दोन्हीकडे नाही.

आपल्या देशातली बेकारी एका आकड्यात मांडता येत नाही, असे दांतवाला समितीने 1970 मध्येच सांगून ठेवले होते. कारण उघड आहे. गरिबाला रिकामे बसणे परवडत नाही. नोकरीची वाट पाहू शकतो तो चार पैसे असलेल्या घरातला पदवीधर, आणि मोजला जातो तोही तोच.

मग मागावरचा माणूस गेला कुठे? 2009-10 च्या हातमाग गणनेत देशात 43.31 लाख कामगार होते, 2019-20 च्या गणनेत 35.22 लाख. हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदा 1985 पासून आहे; तरी यंत्रमागाचा माल बाजारात त्याच नावाने विकला जातो. याला आळस म्हणायचे की कौशल्याचा अभाव? विणकराइतके कौशल्य कुणाकडे असते? माग सोडून तो बांधकामावर विटा उचलू लागला की कागदावर काहीच बिघडत नाही. रोजगार तो रोजगार.

हे आमच्या मोहल्ल्यांनाही लागू आहे. सच्चर समितीने 2006 मध्ये मुस्लिम कामकऱ्यांपैकी 61 टक्के स्वयंरोजगारात असल्याचे नोंदवले. हिंदूंत हे प्रमाण 55 टक्क्यांच्या आसपास होते. स्वयंरोजगार! हातगाडी, पंक्चरचे दुकान, पिंजाऱ्याची धनुकली यांना किती भारदस्त नाव मिळाले!

किती तास काम केले, कमाई किती झाली, आणखी काम मिळाले तर कराल का, हे प्रश्न पाहणी करणारा विचारतो. उत्तरे लिहूनही घेतो. मग वर्तमानपत्राच्या मथळ्यात आणि मंत्र्यांच्या भाषणात फक्त 3.2 का येते?