सकाळच्या उलटीला पित्त म्हणू नका

यवतमाळ जिल्ह्यातल्या आईबाबांना, शिक्षकांना, आशाताईंना आणि गावोगावच्या डॉक्टरांना ही कळकळीची विनंती.

लेकरू रोज सकाळी डोकं धरून उठत असेल, उलटी झाल्यावर त्याला थोडं बरं वाटत असेल आणि हे दोन आठवडे चाललं असेल, तर गप्प बसू नका. चालताना तोल जाणं, नव्यानं आलेला तिरळेपणा, मान एका बाजूला कलती ठेवणं, नजर कमी होणं, झटका येणं, तान्ह्या बाळाचं डोकं भराभर वाढणं ही मेंदूतल्या गाठीची लक्षणं असू शकतात. पाठदुखी रात्री झोपू देत नसेल, पायांतलं बळ जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मज्जारज्जू तपासायला हवा. बहुतेक मुलांना साधाच आजार निघेल, पण ते तपासूनच ठरवा. जंताचं औषध, नवा चष्मा, अंगारा यांत महिने घालवू नका. रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मुलांमध्ये मेंदूच्या गाठींचाच क्रमांक लागतो. ब्रिटनमध्ये २०११ पासून ही लक्षणं घराघरांत आणि दवाखान्यांत पोचवली, तेव्हा निदानाला लागणारा वेळ बराच कमी झाला.

आता माझं खरं मागणं. स्कॅनमध्ये गाठ दिसली की घर हादरतं आणि जिथे असू तिथेच ऑपरेशन उरकायची घाई होते. मेंदूत पाणी साचून मूल गुंगीत जात असेल, तर क्षणभरही थांबू नका, जवळच्या न्यूरोसर्जनकडे धावा. तेवढी निकड नसेल, तर ऑपरेशनआधी मुलाला अशा ठिकाणी न्या, जिथे सर्जन, मुलांचे कर्करोगतज्ज्ञ, रेडिएशनचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. लहान मेंदूतल्या मेडुलोब्लास्टोमा या गाठीचंच बघा. गाठ काढल्यावर साधारण चार ते सात आठवड्यांत रेडिएशन सुरू व्हावं लागतं, मग केमोथेरपी. पण तीन वर्षांखालच्या बाळाला रेडिएशन शक्यतो टाळतात, कारण वाढत्या मेंदूचं त्यानं मोठं नुकसान होतं. हा तोल एकट्या डॉक्टरानं सांभाळायचा नसतो. पुढे उंची, ऐकणं, थायरॉइड, शाळा हेही वर्षानुवर्षं बघावं लागतं.

मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आणि त्याचंच खारघरचं ॲक्ट्रेक इथे असा चमू आहे. नागपुरात एम्स आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. तिथे मुलांच्या मेंदूच्या गाठींसाठी ट्यूमर बोर्ड, म्हणजे एकत्र बसून ठरवणारा असा चमू, बसतो का, हे न लाजता विचारा.

पैशांच्या धास्तीनं घरी थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, पैसे भरण्याआधी त्याला भेटा. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपरचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्यालाही मोठी सवलत मिळते. मुंबईत सेंट ज्यूड संस्था २००६ पासून अशा कुटुंबांची मोफत राहण्याची सोय करते. त्यासाठी रुग्णालयातल्या समाजसेवकांना विचारा.

गावकऱ्यांनो, तुमच्याकडे एक मागतो. वेचणी आली, बाकीची लेकरं एकटी पडली, म्हणून उपचार अर्धे टाकून कुणाला परतावं लागू नये. पोडावरचं असो की तांड्यावरचं, त्या घरचा कापूस तुम्ही वेचा, लेकरांना दोन वेळचं जेवू घाला. आणि ते धामणगावला रेल्वेगाडीत बसायला निघतील, तेव्हा स्कॅनच्या फिल्म, सीडी, शिधापत्रिका, आधार कार्ड, आधी ऑपरेशन झालं असेल तर बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड, सगळं पिशवीत आहे ना, हे कुणीतरी शिकलेल्यानं एकदा तपासून द्या.