आमच्या शेतीला 'मागास' ठरवणारे तुम्ही कोण?



आपली पोरे शाळेत भूगोल शिकतात. त्यात शेतीचे प्रकार असतात : स्थलांतरित शेती, उदरनिर्वाहाची शेती, सखोल शेती, विस्तृत व्यापारी शेती, मळ्याची शेती. प्रकार सांगायला हरकत नाही. पण ते ज्या सुरात सांगितले जातात, त्या सुरात एक शिडी दडलेली असते. सगळ्यात खालच्या पायरीवर डोंगरउतारावर राब जाळून नाचणी पेरणारा आदिवासी. त्याच्या वर आपण, ज्वारी-कपाशीवाले कोरडवाहू. त्याच्या वर पाटाच्या पाण्यावरचा ऊसवाला. आणि पार माथ्यावर हजार एकरांत यंत्र फिरवणारा अमेरिकेतला गहूवाला. ही शिडी एकदा मनात बसली की पुढचे सगळे आपोआप येते. खालच्याने वर चढायचे. चढता आले नाही तर तो अडाणी, आळशी, मदतीवर जगणारा.

आम्ही म्हणतो, ही शिडीच खोटी आहे. अमेरिकेतल्या डरवेंट व्हिटलसी या भूगोलतज्ज्ञाने १९३६ साली जगातल्या शेतीचे तेरा प्रकार पाडले आणि ते नकाशावर मांडले. नकाशा आडवा असतो. त्यात कोणी वर नसतो, कोणी खाली नसतो. तो उभा करून त्याची शिडी केली ती शेतात कधी न उतरलेल्यांनी.

शेती कोणी काढली?

कोणत्या राजाने नाही, कोणत्या सरकारने नाही, कोणत्या संशोधन केंद्राने तर नाहीच. राजे आणि सरकारे फार मागाहून आली. पश्चिम आशियात सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी गहू, जव, मसूर आणि हरभरा माणसाच्या हाताखाली आले. चीनमध्ये यांगत्से नदीकाठी भात आणि उत्तरेला पिवळ्या नदीच्या कोरड्या मुलखात राळा आणि वरी. मेक्सिकोत सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी एका रानगवतापासून मका. अँडीज डोंगरात बटाटा. न्यू गिनी बेटावर केळी आणि अळूच्या जातीचे कंद. मेक्सिकोतल्या माणसाला चीनमध्ये काय चालले आहे याची वार्ताही नव्हती. ज्याने त्याने आपापल्या मातीत, आपापल्या पावसात शेती स्वतंत्रपणे शोधली. शेती एका ठिकाणी जन्मली आणि शहाण्यांनी ती बाकीच्यांना वाटली, असे झालेले नाही.

त्याआधीची माणसे उपाशी आणि बावळट होती, हेही खरे नाही. जॅक हार्लन या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात तुर्कस्तानात गारगोटीच्या पात्याचा विळा घेऊन रानगहू कापून पाहिला. तासाला किलोभर स्वच्छ दाणे हाती लागले. त्याचा हिशोब असा, की एका कुटुंबाने तीन आठवडे कापणी केली तर वर्षभर खाऊन उरेल. म्हणजे ती माणसे आपला हिशोब नीट जाणत होती. रानातले पुरेना तेव्हा त्यांनी पेरले. रानात दाणे, कंद वेचण्याचे काम मुख्यतः बायांचे. म्हणून पेरणीचा शोधही त्यांचाच असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. आज सात-बाऱ्यावर मात्र बाईचे नाव शोधावे लागते.

आपली ज्वारी, आपली कपाशी

आता आपल्या दोन पिकांकडे पाहा. पूर्व सुदानमध्ये कसला शहराच्या परिसरात एका जुन्या वसाहतीची खापरे सापडली. मडके घडवताना मातीत भुसकट कालवायची तिथे रीत होती, आपण भिंतीच्या चिखलात कालवतो तशी. ते भुसकट ज्वारीचे होते. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या त्या खापरांत ज्वारीच्या बोंडांचे ठसे तपासून अभ्यासकांनी २०१७ साली दाखवून दिले, की ज्वारी तेव्हा माणसाळू लागली होती. रानज्वारीचा दाणा पिकला की गळून पडतो. ज्या ताटाचा दाणा कणसात टिकला, तोच माणसाच्या टोपलीत आला आणि तोच पुढच्या साली पेरला गेला. असे पिढ्यानपिढ्या करता करता न झडणारे कणीस तयार झाले. याला बियाणे संशोधन म्हणत नसतील तर कशाला म्हणतात? तीच ज्वारी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली.

कापसाच्या लागवडीतल्या जाती चार. दोन जुन्या जगातल्या, दोन अमेरिकेतल्या. चारही ठिकाणी त्या वेगवेगळ्या लोकांनी माणसाळवल्या. आपला देशी कापूस याच उपखंडातला. बलुचिस्तानात मेहरगढ येथे एका थडग्यात तांब्याचा मणी सापडला. त्याच्या भोकात कापसाचा धागा होता, आणि तो सात हजार वर्षांहून जुना आहे. मँचेस्टरच्या गिरण्या तर कालपरवाच्या.

आपल्या महाराष्ट्रात शिरूरजवळ घोड नदीकाठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बरीच वर्षे उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथले शेतकरी जव पिकवत होते, आणि बांध घालून चारीने पाणी वळवत होते. तिथे एक मोठे घर निघाले, आणि त्याला लागून धान्याचे कोठार. हे घर गावप्रमुखाचे, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. कोठार भरले की त्याच्या दाराशी कोणीतरी येऊन उभा राहतो. तेव्हापासून शेतीची प्रतवारी तो आपल्या सोयीने करतो : जिच्यातून जास्त उचलता येते ती चांगली शेती, जिच्यातून कमी उचलता येते ती मागास.

परकी फूटपट्टी आणि तिचे प्रताप

दुसऱ्याच्या शेतीची फूटपट्टी घेऊन कोरडवाहू मुलखात उतरलेल्यांचे काय झाले, तेही पाहू.

१८४० साली ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून दहा मळेवाले आणले. कशासाठी? हिंदुस्थानच्या शेतकऱ्याला कापूस पिकवायला शिकवण्यासाठी! पगार, जमीन, अवजारे, सगळे दिले. धारवाडकडे अमेरिकन कापूस थोडाफार रुजला, बाकी ठिकाणी प्रयोग फसले. पाऊस अमेरिकेचा नव्हता.

अमेरिकेतही तेच. 'नांगराच्या मागे पाऊस येतो' असे सांगून तिथल्या गवताळ मैदानांवर लोकांना वसवले गेले. गवत उलथले, गहू पेरला. १९३० च्या दशकात दुष्काळ पडला आणि उघडी पडलेली माती उडाली. धुळीच्या वादळांनी दिवसा अंधार केला, लाखो माणसे देशोधडीला लागली.

१९४७ साली इंग्रज सरकारने आफ्रिकेत टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, भुईमुगाची अवाढव्य योजना काढली. ट्रॅक्टर, बुलडोझर, मोठमोठे साहेब. तिथली चिकण माती पाऊस गेला की विटेसारखी कडक होते आणि शेंगा उपटून निघत नाहीत, हे कोणी विचारलेच नाही. १९५१ साली योजना गुंडाळली. कोट्यवधी पौंड मातीत गेले.

१९५४ साली रशियात ख्रुश्चेव्हने कझाकस्तानची कोट्यवधी एकर पडीक जमीन एका हुकमाने नांगरून घेतली. पहिली काही पिके बरी आली. मग वाऱ्याने माती नेली, आणि १९६३ साली रशियाला परदेशातून गहू विकत घ्यावा लागला.

कंपनी सरकार असो, भांडवलशाही असो, साम्राज्य असो की साम्यवाद. झेंडे वेगळे, चूक एकच. शेतकऱ्याला विचारायचे नाही. याच रशियात निकोलाय वाविलोव्ह नावाचा शास्त्रज्ञ होता. पिकांची जन्मस्थाने कोणती, हे १९२६ साली जगापुढे पहिल्यांदा नीट मांडणारा तो. देशोदेशी हिंडून त्याने शेतकऱ्यांची बियाणी गोळा केली. सरकारी मताशी त्याचे शास्त्र जुळेना, म्हणून १९४० साली त्याला पकडले, आणि १९४३ साली तो तुरुंगात उपासमारीने मेला. लेनिनग्राडला वेढा पडला तेव्हा त्याचे सहकारी भुकेने मेले, पण जपलेल्या बियाण्यातला दाणा त्यांनी खाल्ला नाही.

उलट उदाहरणही आहे. बुर्किना फासो देशात याकुबा सावादोगो नावाचा शेतकरी होता. १९८० च्या सुमारास दुष्काळाने लोक गाव सोडत होते. त्याने उन्हाळ्यात कडक जमिनीत खड्डे खणले, त्यांत शेणखत टाकले, आणि पावसाळ्यात त्यांत ज्वारी-बाजरी पेरली. खड्डे ही तिथली जुनीच रीत. त्याने ते मोठे केले आणि खत घातले. लोकांनी त्याला वेडा म्हटले. मग ओसाड माळावर पीक उभे राहिले, झाडे उगवली, आणि हजारो शेतकऱ्यांनी तीच रीत उचलली. २०२३ साली तो वारला. आपल्यासारख्याच एका ज्वारीवाल्याने हे करून दाखवले.

जुनेच धरा म्हणणारे

दुसऱ्या बाजूचे शहाणेही आम्हाला नकोत. शहरात राहून ते सांगतात, 'पूर्वजांची शेती करा, बाहेरचे बियाणे शिवू नका.' अरे, आमच्या पूर्वजांनीच तर बाहेरचे बियाणे घेतले! ज्वारी-बाजरी आफ्रिकेची, हरभरा-गहू पश्चिम आशियाचे, मिरची-मका-भुईमूग अमेरिकेचे. तूर मात्र घरची. चांगले दिसले ते घेतले, पेरून पाहिले, पटले ते ठेवले. शेतकऱ्याचा धर्म हाच. निवड शेतकऱ्याची असली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. नवे लादू नका आणि जुनेही लादू नका.

आज काय चालले आहे?

आपल्या राज्यातली सुमारे ८० टक्के शेती पावसावर आहे. तरी मोजमाप पाटाच्या पाण्याचे. एकरी क्विंटल किती, एवढेच विचारतात. पडलेल्या पावसाच्या इंचामागे किती, खर्चाच्या रुपयामागे किती, कडबा किती, दुष्काळी सालात काय हाती आले, हे कोण मोजतो? ज्वारी पाण्याचा ताण पडला की पाने गुंडाळून थांबते आणि पाऊस आला की पुन्हा उठते. आपली मालदांडी काळ्या रानातल्या मुरलेल्या ओलीवर पिकते. हा गुण उत्पादनाच्या तक्त्यात दिसत नाही. आणि पाटाचे पाणी म्हणजे स्वर्ग असेही नाही. सांगली-कोल्हापूरकडची क्षारपड झालेली रानेच पाहा.

१९७० च्या सुमारास देशात पावणेदोन कोटी हेक्टरांहून जास्त ज्वारी होती. आज ती ५० लाखांच्या आत आली. सरकारची कोठारे गहू-तांदळाने भरली, स्वस्त धान्य दुकानात तेच मिळाले, ज्वारीचा हमीभाव बहुतेक कागदावर राहिला. मग २०२३ साल भरड धान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. मेजवान्या झाल्या, खरेदी केंद्रांची रड तीच.

कापसाचे पाहा. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला बहुतेक कापूस देशी होता. १९७० साली संकरित वाण आले, २००२ साली बीटी. सुरुवातीला बोंडअळी आटोक्यात आली, उत्पन्न वाढले, हे आम्ही नाकारत नाही. पण २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने तेच बीटीचे रान फस्त केले. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया येथे कापूस मुख्यतः सरळ वाणांचा, दाट लागवडीचा. आपल्याकडे मात्र संकरित. म्हणजे दरसाल नवी पिशवी, नवे कर्ज. तुडतुड्यांना दाद न देणारा, खोल मुळाचा देशी कापूस आपला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी तुराब'सारखे लांब धाग्याचे देशी वाणही काढले. पण बियाणे गावात मिळत नाही, आणि बाजारात 'देशी' म्हटले की भाव पाडतात.

आपले मागणे

म्हणून या जिल्हा बैठकीत तीन ठराव यावेत. एक, ज्वारीची खरेदी गहू-तांदळासारखी नियमित आणि वेळेवर व्हावी, नाहीतर हमीभाव जाहीर करण्याचे नाटक बंद करावे. दोन, सरळ आणि देशी वाणांचे बियाणे पेरणीआधी तालुक्याला पोचावे, आणि कापसाचा भाव नावावर नव्हे तर धागा मोजून ठरावा. तीन, कोरडवाहू शेतीच्या योजना कोरडवाहू शेतकऱ्याला विचारल्याशिवाय आखू नयेत, आणि तिचे मोजमाप पावसाच्या आणि खर्चाच्या हिशोबाने व्हावे.

गावोगावी या ठरावांवर चर्चा करा, सह्या घ्या आणि बैठकीला या. येताना मायबहिणींना सोबत आणा. शोध त्यांचा असेल तर ठरावातही त्यांचा हात वर झाला पाहिजे.