मासा, माशी आणि धरणाची किल्ली

मासा आणि माशी हे शब्द शेजारी शेजारी ठेवले, तर मराठी न जाणणाऱ्या माणसाला ते नवराबायको वाटावेत. प्रत्यक्षात एक खाणारा आणि दुसरी त्याचा घास, एवढेच त्यांचे नाते. पण याच नात्यावर एक आख्खा खेळ उभा आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात, आपल्याकडे दिवाळीची पणती लागते त्या सुमारास, शेकडो माणसे छातीपर्यंत येणाऱ्या रबरी विजारी चढवून थंडगार नदीत उभी राहतात आणि दोऱ्यापिसांच्या खोट्या माशीने ट्राऊट नावाचा खरा मासा धरू पाहतात. बरे, धरलेला मासा बहुतेक जण पुन्हा पाण्यात सोडून देतात! मालवणकडचा माणूस हे ऐकून कपाळाला हात लावील. एवढ्या थंडीत उभे राहायचे, आणि संध्याकाळी कालवण नाही ते नाहीच!

काश्मीरला जाऊन आलेल्या वाचकांना ट्राऊट नवा नाही. इंग्रजांनी तो आपल्या थंड डोंगरी ओढ्यांत आणून सोडला. अमेरिकेतही ठिपकेवाला तपकिरी ट्राऊट पाहुणाच. त्याची अंडी १८८३ साली जर्मनीहून न्यूयॉर्कला आली. अंगावर गुलाबी पट्टा असलेला त्याचा भाईबंद, इंद्रधनुषी ट्राऊट, हा मात्र तिथल्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा. दोघांचीही मुख्य अट एकच : पाणी गार हवे, स्वच्छ हवे आणि वाहते हवे.

ही अट पश्चिमेकडच्या कोरड्या, तांबड्या मुलखात धरणांनी पुरी केली. कशी, ते आपल्याकडच्या विहिरीवरून चटकन कळेल. आडाचे पाणी उन्हाळ्यात गार लागते आणि थंडीत पहाटे शेंदले तर कोमट लागते. पाणी खोल असते, वरच्या हवेचा लहरीपणा तिथवर पोचत नाही. मोठ्या धरणाचा जलाशय म्हणजे असा एक अवाढव्य आडच समजा. शिवाय पाणी सर्वांत जड असते ते सुमारे ४ अंश सेल्सिअसला. त्यामुळे थंडीत बर्फ वर तरंगतो आणि तळचे पाणी द्रवच राहते. या खोल पाण्यातूनच वीजघराकडे वाट काढलेली असते. म्हणून धरणाखालची नदी भर उन्हाळ्यात तापत नाही आणि हिवाळ्यात, निदान पहिले काही मैल, गोठत नाही. गाळ जलाशयात बसून गेलेला असल्याने पाणी नितळ असते. यूटातली फ्लेमिंग गॉर्ज धरणाखालची ग्रीन नदी, न्यू मेक्सिकोतली नव्हाहो धरणाखालची सॅन वॉन, मोंटानातली यलोटेल धरणाखालची बिगहॉर्न, ॲरिझोनात लीझ फेरीजवळची कोलोरॅडो, ही या खेळाची मोठी क्षेत्रे. ती सारी अशा धरणांच्या पायथ्याशी आहेत.

हिवाळा लागला की खेळाचे वेळापत्रक बदलते. थंड पाण्यात माशाचे रक्तही जणू संथ वाहते. त्याची भूक कमी होते, धावपळ नकोशी होते, आणि तो खळाळ सोडून खोल, संथ डोहात तळाशी जाऊन बसतो. दूरच्या घासासाठी तो उठत नाही. घास तोंडाशी आला तरच तोंड उघडतो. (असे प्राणी घरोघरी रविवारी दुपारी पाहायला मिळतात.) म्हणून पहाटे उठून धावण्यात अर्थ नसतो. अकरा ते तीन ही वेळ खरी. मोठे किडे एव्हाना संपलेले असतात. उरते ते चिलटासारखे बारीक पाखरू, आणि ढगाळ दिवशी पाण्यातून वर येणारी इवलीशी करडी पाखरे. मग माशीही तशीच बांधावी लागते. गळाच्या आकड्यांची रीत उलटी आहे, आकडा जितका मोठा तितका गळ लहान. आणि या दिवसांत १८ पासून २४ पर्यंतचे गळ लागतात. म्हणजे तांदळाच्या कणीएवढ्या गळावर रेशमाचे दोन वेढे देऊन 'ही माशी' असे म्हणायचे, आणि माशालाही ते पटवून द्यायचे! ती पाण्याच्या वेगानेच वाहिली पाहिजे. दोरीने तिला किंचित ओढले तरी मासा ओळखतो.

थंडीचे हाल निराळेच. काठीवरच्या कड्यांत दोरीचे पाणी गोठून बर्फ धरतो, तो पुन:पुन्हा काढावा लागतो. नमद्याच्या तळव्याचे बूट असले तर काठावरच्या बर्फाचे गोळे तळव्याला चिकटतात आणि माणूस खडावा घातल्यासारखा चालू लागतो. मासा हाती लागलाच, तर हात ओला करूनच त्याला धरायचे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचे रक्षक बुळबुळीत आवरण निघते. शिवाय त्याला पाण्याबाहेर फार वेळ ठेवायचे नाही. कडाक्याच्या हवेत त्याचे नाजूक कल्ले गोठू शकतात.

पण घरून निघण्यापूर्वी तिथला मच्छीमार पाहतो ती काठी नव्हे, तर एक आकडा. धरणातून आज किती क्युसेक पाणी सोडले आहे? हा शब्द आपल्या चांगला ओळखीचा आहे. श्रावणात 'कोयनेतून इतके हजार क्युसेक विसर्ग' ही बातमी आपण चहाबरोबर वाचतो. एका सेकंदाला एक घनफूट पाणी म्हणजे एक क्युसेक. वीजघराच्या धरणाखाली हा आकडा दिवसातही बदलतो. संध्याकाळी दूरच्या शहरात दिवे लागतात, विजेची मागणी वाढते, आणि नदीत उभ्या असलेल्या माणसाच्या गुडघ्यावरचे पाणी मांडीवर येते. म्हणून जाणती माणसे काठावरच्या एखाद्या दगडावर नजर ठेवून असतात. तो बुडू लागला की मुकाट्याने बाहेर यायचे.

माणूस बाहेर येऊ शकतो. माशाने काय करायचे? तपकिरी ट्राऊटचा विणीचा हंगाम नेमका ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो. मादी उथळ, वाहत्या पाण्यात शेपटीने गोटे बाजूला सारून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि ती पुन्हा बारीक खडीने झाकते. नितळ पाण्यातून हे खळगे धुऊन काढल्यासारखे उजळ दिसतात. चांगला मच्छीमार त्यांवर पाय देत नाही आणि तिथल्या माशावर गळही टाकत नाही. ही अंडी थंडीभर खडीत राहतात. वरून पाणी वाहत राहील या एका भरवशावर.

हा भरवसा २०२१ साली तुटला. मोंटानात मॅडिसन नदीवर हेबगेन नावाचे शंभरी ओलांडलेले धरण आहे. ते कच्चे नव्हे. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री तिथे मोठा भूकंप झाला, खाली डोंगर कोसळून नदी अडली, २८ माणसे गेली. धरण तडकले, पण टिकले. (आपल्या कोयनेनेही ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे असाच धक्का सोसला.) भूकंपाला पुरून उरलेल्या या धरणाच्या दरवाज्याचा एक भाग ३० नोव्हेंबर २०२१ च्या पहाटे निकामी झाला. सुमारे ६५० क्युसेकने वाहणारी नदी एकाएकी २३० च्या आसपास आली. फाटे उघडे पडले, मासे डबक्यांत अडकले, अंड्यांचे खळगे हवेवर आले.

मग आसपासच्या गावांतून माणसे बादल्या घेऊन आली. त्यांत याच नदीत गळ टाकणारी माणसे होती. डबक्यांतले मासे बादलीत घ्यायचे, मुख्य प्रवाहात नेऊन सोडायचे आणि पुन्हा परतायचे, असे त्यांनी चालवले. दोन दिवसांच्या आत दरवाजा दुरुस्त होऊन नदी भरली. बादलीत मावणारे मासे वाचले. खडीतली अंडी काही कुणाला बादलीत घेता येत नाहीत.

या खेळाचे कौतुक करताना त्याची किंमतही सांगितली पाहिजे. धरणांपूर्वी ग्रीन आणि कोलोरॅडो या नद्या गढूळ होत्या आणि उन्हाळ्यात कोमट होत. त्या पाण्याला सरावलेले, जगात अन्यत्र कुठेही नसलेले मासे त्यांत होते. फ्लेमिंग गॉर्जचा जलाशय भरण्याआधी, १९६२ साली, शेकडो मैल नदीत औषध घालून ते मारण्यात आले. ट्राऊटसाठी जागा मोकळी करायची म्हणून! पुढे तिथले पाणी इतके गार निघाले की खुद्द ट्राऊटही वाढेना, आणि १९७८ साली जलाशयाच्या निरनिराळ्या थरांतून पाणी घेण्याची सोय करावी लागली. कोलोरॅडोवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाची गोष्ट तर याच्या उलट झाली. अवर्षणाने तो जलाशय इतका उतरला की वरचे तापलेले पाणी वीजघराच्या तोंडाशी आले. २०२२ साली धरणाखाली उबेला चटावलेल्या परक्या बास माशाची वीण सापडली, आणि ट्राऊटबरोबरच, खाली तग धरून असलेल्या पाठीवर उंचवटा असलेल्या देशी चब माशाचीही काळजी सुरू झाली.

एकदा नदी बांधली, की ती आपली आपण चालत नाही. तिचे पाणी किती गार असावे, किती वाहावे, कुणी जगावे, हे सारे ठरवणे माणसाच्या गळ्यात पडते, आणि पहाटे दरवाजा बिघडला तर धावणेही. मॅडिसनच्या काठी बादल्या घेऊन धावलेल्यांनी हे ओळखले होते. येत्या पावसाळ्यात आपल्या वर्तमानपत्रात क्युसेकचा आकडा येईल, तेव्हा पुलावर पाणी आले का, एवढेच पाहून पान उलटू नये. आणि पावसाळा सरल्यावर तो आकडा छापायचा थांबतो, तेव्हाही एकदा विचारून पाहावे : धरणाखाली आज नदीत पाणी किती आहे?