क्राउन-पिनियनचा जमाखर्च

रोह्याच्या एका स्नेह्यांकडे एमजीबी ही जुनी इंग्रज स्पोर्ट्‌स मोटार आहे, आणि तिच्या मागच्या अ‍ॅक्सलमधील ३.९०९ चे क्राउन-पिनियन काढून त्याजागी तिच्याच व्ही-८ भावंडाचे ३.०७ चे बसवावे, म्हणजे मुंबईच्या वाटेवर एंजिन शांत राहील, असा बेत पक्का करून त्यांनी तो माझ्याकडे केवळ मंजुरीसाठी धाडला आहे. ही मंजुरी मी देत नाही.

त्यांचे गणित चुकलेले नाही. क्राउनचे दाते ४३ व पिनियनचे ११, म्हणून ३.९०९, पिनियनला १४ दाते दिले की ३.०७. (४३ ला ११ ने किंवा १४ ने भाग जात नाही, हेही योजनापूर्वकच, त्यामुळे तेच ते दाते पुनःपुन्हा एकमेकांना न भिडता झीज सर्वांवर सारखी वाटली जाते.) ताशी ८० किलोमीटरला आज टॉप गियरमध्ये एंजिनाचे मिनिटाला सुमारे २,८०० फेरे होतात, ते २,२०० वर येतील. परंतु मागच्या अ‍ॅक्सलचा हा हुकूम एकट्या टॉपवर चालत नसून पहिल्या गियरपासून रिव्हर्सपर्यंत सर्वांवर सारखाच चालतो, आणि म्हणून त्याची निवड नेहमी खालच्या टोकाकडून करावी, असे माझे ठाम मत आहे.

गणेशोत्सवाच्या तोंडावर हमरापूर-जोह्याकडून मूर्तींचे टेम्पो निघू लागले, की पेण-वडखळच्या रस्त्यावर वाहने माणसाच्या चालीने सरकतात. तेथे पहिल्या गियरात हजार फेऱ्यांना आजची गाडी ताशी आठ किलोमीटरने चालते. नवी दहाने चालेल. हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण पुढचा टेम्पो पाचाने सरकत असता तो सारा क्लच-प्लेटच्या खाती खर्ची पडतो, आणि जळक्या वासाने त्याची पावतीही तत्काळ मिळते. पुढे नागोठण्याहून कोलाडकडे जाताना सुकेळीच्या खिंडीत, चाकापाशी पोचणारा जोर एकपंचमांशाहून अधिक घटल्यामुळे, आज टॉपमध्ये निघणारा चढ तिसऱ्यात काढावा लागेल. मग शांततेचा लाभ तो कोणता?

कारखान्याचा शिरस्ताही हेच सांगतो. एमजी टीडीच्या १,२५० सीसी एंजिनाला ५.१२५ चे प्रमाण होते; १९५५ च्या एमजीएला, म्हणजे आपल्या अ‍ॅम्बॅसडरमुळे येथल्या मिस्त्र्यांच्या हाताखालून गेलेल्या १,४८९ सीसीच्या घराण्याला, ४.३, १,६२२ सीसीला ४.१, १९६२ च्या एमजीबीच्या १,७९८ सीसीला ३.९०९; आणि ३.०७ लाभले ते ३,५२८ सीसीच्या व्ही-८ ला. चाकांच्या आकारातला फरक सोडला, तरी एंजिनाची ऐपत वाढल्यावाचून प्रमाण लांबवलेले नाही, हे स्पष्ट आहे. शिवाय स्पीडोमीटरची केबल गियरबॉक्सच्या शेपटीकडून निघत असल्याने अदलाबदलीनंतर काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ७६ ने धावत असेल.

ज्यांना शांतताच हवी, त्यांनी ओव्हरड्राइव्ह असलेला गियरबॉक्स शोधावा. त्याचे ०.८२ चे प्रमाण टॉपमध्ये जोडताच हिशेब ३.२ वर येतो आणि पहिला गियर जागच्या जागी राहतो. खर्च अधिक, हे मान्य.

मात्र या दोहोंपूर्वी एक तपासणी अवश्य करावी, कारण इतक्या वर्षांत कोणी काय बसवले असेल ते सांगता येत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, अडसर लावून, मागचे एकच चाक जॅकने उचलावे, प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करावी आणि चाकाचे पुरते दोन फेरे हाताने फिरवावेत. तेवढ्यात शाफ्टचे फेरे चारांना किंचित कमी भरले, तर अ‍ॅक्सल मूळचा आहे. ते सव्वाचारांच्या किंचित पुढे गेले, तर मात्र पूर्वीच्या मालकाने एमजीएचे ४.३ घातलेले असणार, आणि तसे असल्यास ते काढून ३.९०९ घालण्याच्या दरखास्तीवर मी त्याच दिवशी सही करीन.