दहाव्या दिवसाची तारीख

वाईत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, 22 वर्षं झाली. बायकांच्या अंगाविषयी बोलायला मला लाज वाटत नाही, स्वतःच्याही नाही. माझी छाती 42, बांधा जाड, रंग सावळा. ही मापं पुढे लागणार आहेत, म्हणून आधीच देऊन ठेवते.

गेल्या वर्षी माझ्या डाव्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली. स्तन राहिला. केमो झाली, मग रेडिएशन. आमच्याकडे त्याला कुणी 'लाइट' म्हणतं, कुणी 'शेक'. हा 'शेक' शब्द फार घोळ घालतो. शेक म्हटलं की बाळंतिणीची शेगडी, ओव्याची पुरचुंडी, गुडघ्यावरची रबरी पिशवी. सासूबाई म्हणाल्याच, "शेकच द्यायचाय, तर पुण्याला कशाला जायचं?" मशिनखाली झोपल्यावर खरंच काही कळत नाही. चटका नाही, दुखणं नाही. काही मिनिटांत "उठा ताई" म्हणतात. पहिले दोन आठवडे मी धनकवडीला बहिणीकडे परत येऊन सगळ्यांच्या पोळ्या लाटत होते.

मला 20 लाइटी दिल्या. 15 सगळ्या स्तनाला, 5 गाठीच्या जागेला. सोमवार ते शुक्रवार, चार आठवडे. पूर्वी हेच पाच-सहा आठवडे चालायचं. ब्रिटनमध्ये तर आता कितीतरी जणींना एका आठवड्यात पाच लाइटी देऊन मोकळं करतात. परगावच्या बाईच्या दृष्टीनं दिवस कमी झाले हे चांगलंच झालं. पण त्यातून एक वेगळीच अडचण निघते, ती मला नंतर कळली.

हातात एक कागद दिला होता. 'त्वचा लाल झाल्यास सांगा.' माझी त्वचा लाल झालीच नाही. सावळ्या अंगावर लाली दिसते कुठे? आधी ती तपकिरी झाली, मग काळपट, मग जुन्या चपलेच्या चामड्यासारखी जाड. मी आपली लाल व्हायची वाट बघत बसले. शिवाय छातीवर शाईच्या खुणा होत्या, त्या पुसायच्या नाहीत म्हणून बाकावरच्या बायकांनी सांगितलं, "त्या बाजूला पाणीसुद्धा लावू नका." एप्रिल महिना, घामाच्या धारा, आणि चार आठवडे मी ती बाजू कोरडीच ठेवली. खुणा सांभाळून साधं पाणी आणि सौम्य साबण चालला असता, हे सगळं होऊन गेल्यावर समजलं.

शेवटची लाइट शुक्रवारी झाली. फाइलवर लिहिलं, 'एक महिन्याने दाखवणे'. मी पेढे वाटले आणि एसटीनं खंबाटकी घाट ओलांडून घरी आले. लगीनसराई होती, दुकानात कपडे तुंबले होते. मी सुटले असं सगळ्यांनाच वाटलं.

दहाव्या दिवशी, सोमवारी सकाळी, अंघोळीआधी ब्लाउज काढायला गेले तर तो निघेना. मुंढा बगलेत चिकटला होता. ब्लाउजची ती जागा मला झोपेतही माहीत आहे. बाजूची शिवण, बाहीची शिवण, दोन्हीकडचं अस्तर आणि अंग वाढलं तर उसवायला ठेवलेलं मार्जिन, सगळं बोटभर जागेत गोळा होतं. बावीस वर्षं मी बायकांना तिथे घट्ट बसवून देत आले. मुलीनं वाटीवाटीनं कोमट पाणी सोडलं. अर्धा तास लागला. कापड सुटलं तेव्हा त्याच्याबरोबर रुपयाएवढी कातडी आली. खाली ओलं, लस झिरपणारं मांस. स्तनाखालच्या घडीत तर तळहाताएवढी जागा सोलवटली होती. वारा लागला तरी चरचरत होतं. हे दाराबाहेर उभे राहून नुसतं "काय झालं, काय झालं" विचारत होते.

फाइलवरचा नंबर वाजत राहिला, कुणी उचलला नाही. गल्लीतून कोरफड आली, हळद आली, आत्याबाई कैलास जीवनची डबी घेऊन आल्या. तव्याचा चटका असता तर मीही काहीतरी लावलं असतं, पण उघड्या जखमेवर हात धजेना. गावातल्या डॉक्टरांनी जांभळं औषध फासलं. ते वाळून तडकलं आणि हात वर केला की खपली ओढायची. तिसऱ्या दिवशी गाडी करून पुन्हा पुणं गाठलं.

ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टर बघून म्हणाल्या, "अहो, हे नेहमीचंच आहे. लाइटी संपल्यावरच जास्त होतं." नेहमीचंच आहे तर मला का नाही सांगितलं? एवढ्याच प्रश्नासाठी मी हा लेख लिहितेय.

डॉक्टरांनी कारण सांगितलं ते असं. कातडी वरून रोज झडत असते आणि खालचा थर नवी कातडी तयार करून वर पाठवत असतो. लाइटीनं तो खालचा थर दबतो. वरची कातडी आपल्या चालीनं झिजत राहते, आणि दोन-तीन आठवड्यांनी झिजलेल्याच्या जागी यायला खाली काहीच नसतं. त्यामुळे शेवटच्या लाइटीनंतर आठवडा-दोन आठवडे हा सगळ्यात वाईट काळ. जिथे कातडीवर कातडी घासते तिथे, म्हणजे बगलेत आणि स्तनाखाली, जास्त. अंगानं भरलेल्या बायकांना आणखी जास्त. आता हिशेब करा. उपचार जितके आटोपशीर होतील, तितकं हे भाजणं दवाखान्यातून उठून घरच्या न्हाणीघरात जाणार. सिस्टरची रोजची नजर असते तोवर कातडी शाबूत, आणि फुटते ती आम्ही गावी पोचल्यावर. तारीख मात्र महिन्याची.

सिस्टरनी सलाइनच्या पाण्यानं धुऊन सिलिकॉनचा थर असलेलं मऊ ड्रेसिंग ठेवलं. ते जखमेला चिकटत नाही. वर चिकटपट्टी लावायची नाही, ती चांगली कातडीही सोलते. ताप आला, घाण वास सुटला, पू दिसला, तर तारखेची वाट न बघता यायचं, हेही त्यांनीच सांगितलं. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी कुशीवर झोपले. लाइटींचे पैसे सरकारी योजनेतून मिळाले होते. ड्रेसिंगचे नाहीत. दोन आठवड्यांत पाच हजारांच्या वर गेले.

घरी मी जुन्या धोतराच्या मऊ कापडाची पुढून बांधायची एक बंडी शिवली. मुंढा पार कमरेपर्यंत खाली, बगलेत शिवणच नाही. ती ड्रेसिंग जागच्या जागी धरून ठेवायची. जखम भरायला पाच आठवडे लागले. तिथली कातडी अजून काळीच आहे. आतापर्यंत अशा सहा बंड्या शिवून गेल्यात, एक खंडाळ्याला, एक मेढ्याला. सगळ्या बायकांचं एकच, "आम्हालाही कुणी बोललं नव्हतं."

माझी मुलगी फार्मसीला आहे. तिनं कॅनडातल्या टोरांटोचा एक अभ्यास वाचून दाखवला, 2023 साली छापलेला. मोठ्या स्तनांच्या किंवा स्तन काढलेल्या 376 बायका. काहींना पहिल्यापासूनच छातीवर सिलिकॉनची पातळ फिल्म लावली, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. फिल्म लावलेल्यांपैकी शंभरात 8 जणींची कातडी ओली होऊन सोलली, न लावलेल्यांत 19 जणींची. पहिल्या दिवसापासून डॉक्टरांच्या सल्ल्यानं स्टेरॉइडचं मलम लावलं तरी त्रास कमी होतो, असंही तज्ज्ञांच्या सल्ल्यात आहे. म्हणजे इलाज आहेत. माझ्यापर्यंत आले नाहीत.

लाइटीचं मशीन कोट्यवधींचं असतं, त्यापुढे ड्रेसिंगचा खर्च कितीसा? ज्या योजनेतून लाइटींचे पैसे येतात तिच्यातच हेही बसवावं. तोवर जिची लाइट चालू असेल तिनं, किंवा तिच्या सोबत जाणाऱ्यानं, एवढं करावं. शेवटच्या दिवशी पेढे जरूर द्या, पण फाइलवर महिन्याच्या आधी दहाव्या दिवसाची तारीख लिहून घ्या, आणि खरोखर उचलला जाईल असा एक फोन नंबर. लिहून दिल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.