अंदाजपत्रकाला तारखांची जोड हवी

खर्चाचे अंदाजपत्रक तयार झाले म्हणजे नियोजन संपले, अशी समजूत आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांत पुष्कळ ठिकाणी आढळते. 2002 साली कायद्यात दुरुस्ती होऊन अशा कंपन्या स्थापन करण्याची सोय झाली. 2020 साली केंद्र शासनाने देशात 10,000 शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना हाती घेतली. परंतु रुपयांचा हिशेब मांडणारे आपण दिवसांचा हिशेब मांडत नाही. भागधारकांचा पैसा अडकून पडतो तो, माझ्या मते, बहुधा याच उणिवेमुळे.

एक उदाहरण घेऊ. एका कंपनीस सोयाबीन स्वच्छता व प्रतवारी केंद्र उभारावयाचे आहे. समजा, शेडच्या बांधकामास तीन महिने, वीजजोडणीस चार महिने व यंत्रे बसवून चाचणी घेण्यास एक महिना लागतो. मार्चच्या आरंभी बांधकाम सुरू झाले, तर पावसापूर्वी शेड पुरी होते. त्यानंतर विजेचा अर्ज केल्यास सप्टेंबरअखेर वीज येते आणि चाचणी ऑक्टोबरअखेर आटोपते. तोवर सभासदांचे बरेचसे सोयाबीन व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर गेलेले असते. कर्ज 20 लाखांचे व व्याज द.सा.द.शे. 10 धरले, तर केंद्र बंद असतानाही दरमहा सुमारे 16,700 रुपये व्याज चढत राहते. विजेचा अर्ज फेब्रुवारीतच केला असता, तर हंगाम हाती लागला असता. खर्च तोच, फरक केवळ क्रमाचा.

कोणते काम लांबले असता सारा प्रकल्प लांबतो, हे शोधून काढण्याची पद्धत अमेरिकेतील उद्योगांत 1957 च्या सुमारास विकसित झाली. आज तीच पद्धत संगणकावरील प्रकल्प-व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये उपलब्ध आहे. ‘गँटप्रोजेक्ट’ व ‘प्रोजेक्टलिब्रे’ ही सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात. प्रत्येक काम, त्याची मुदत, त्याआधी कोणते काम पुरे व्हावयास हवे आणि त्याचा खर्च, एवढे भरले की कामांच्या आडव्या पट्ट्यांचा तक्ता तयार होतो. त्यावरून कोणत्या महिन्यात किती रोकड लागेल, हेही मांडता येते. अनुदान पुष्कळदा काम झाल्यावर हप्त्याने मिळते. म्हणून हा महिनावार हिशेब विशेष महत्त्वाचा होय.

हे शहरातील अभियंत्यांचे काम आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो मला मान्य नाही. नांगरट, पेरणी, कोळपणी यांचा क्रम व वाफसा साधणाऱ्या शेतकऱ्यास हे तत्त्व मुळीच परके नाही. खरा धोका निराळाच आहे. सल्लागाराकडून सुबक तक्ता करून घ्यावयाचा, प्रस्तावास जोडावयाचा आणि कपाटात ठेवून द्यावयाचा, अशा तक्त्याचा काडीचाही उपयोग नाही. यंत्र खोट्या तारखा खऱ्या करीत नाही.

यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम संचालकांना एकत्र बसवून कामांची यादी कागदावर करावी. मुदती वीज कार्यालय, गवंडी व यंत्रविक्रेता यांना प्रत्यक्ष विचारून लिहाव्यात. प्रत्येक कामापुढे एका संचालकाचे नाव असावे. त्यानंतरच माहिती संगणकात भरावी आणि दर मासिक सभेत झालेले काम व झालेला खर्च नोंदवून तक्ता सुधारावा. त्याची छापील प्रत कार्यालयाच्या भिंतीवर लावावी. आपला पैसा कोठे थांबला आहे, हे पाहण्याचा प्रत्येक भागधारकास अधिकार आहे.